पाचवं कडवं

टोपड्याचा काठ विणताना सासूबाई बोलायच्या. काठ म्हणजे पहिल्या सहा ओळी, एक टाका सुलट, एक उलट. त्या सहा ओळींत साऱ्या जगाला जागा असायची. गळका नळ, कुरकुरणारा गुडघा, समोरच्या घरातल्या बाईंनी गच्चीत वाळत घातलेली आणि तिथेच विसरलेली चादर, सगळं त्यात यायचं. काठ संपला की बोलणं संपायचं. मग खिडकीतल्या खुर्चीत त्या जरा सरळ बसायच्या आणि आवाज खाली आणून प्रार्थना सुरू करायच्या.

जगाच्या रे माझ्या धन्या,
तुझ्या हाती ऊन-वारा,
चिमणीच्या पिल्लापाशी
तुझा निजेत पहारा.

प्रार्थनेची एक ओळ म्हणजे विणीची एक ओळ. सुई या टोकापासून त्या टोकाला जाईपर्यंत तीच ओळ तोंडात घोळवायची आणि सुई वळली की पुढची घ्यायची. किती टाके, किती ओळी, हे सासूबाईंनी कधी मोजलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "मला काय ठाऊक! प्रार्थना संपली की डोकं मावतं." प्रार्थनेनंतर टाके कमी करत वरचा गोल मिटवायचा, तो मात्र मुक्यानं. मिटवताना बोललं की गाठ सैल पडते, असं त्यांचं म्हणणं होतं.

ही टोपडी जायची दवाखान्यात, दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांच्या खोलीत. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सासूबाई कापडी पिशवी घेऊन स्वतः चालत जायच्या. गुडघ्याची तक्रार त्या दिवशी घरी राहायची. एरवी त्या कुठे जात नसत. सगळा महिना त्या पिशवीच्या बंदाला बांधलेला होता.

खिडकीपासून चार पावलांवर सुनेचं कामाचं टेबल होतं. ती वजनकाटे दुरुस्त करायची. घराची पुढची खोली म्हणजेच तिचं दुकान. किराणावाल्यांचे, भाजीवाल्यांचे, सोनाराचे काटे तिच्याकडे यायचे. मखमल लावलेल्या पेटीत प्रमाण वजनं ठेवलेली असत. बोटाचा घाम लागून वजन बदलू नये म्हणून ती त्यांना चिमट्यानंच उचलायची. आधी काटा शून्यावर आणायचा, मग वजन ठेवायचं, मग पाहायचं.

"वहिनी, जरा माझ्या बाजूला झुकता राहू दे ना," भाजीवाली म्हणायची. "मुंगीएवढा. मुंगीचं काय वजन असतं?"

"मुंगी घेऊन ये, सांगते."

"मेली कुठली! देवाच्या दारात तरी माप सोडशील का?"

"ती देवाच्या दारात जाते कुठे?" खिडकीतून सासूबाईंचा आवाज यायचा. "शून्यबाई आहे आमची. काटाही शून्यावर, भक्तीही शून्यावर."

यात राग नव्हता. वीस वर्षांचं जुनं बोलणं होतं, वापरून मऊ झालेलं. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सुनेनं सांगून टाकलं होतं, "आई, मी हात जोडत नाही. मला ते खोटं वाटतं आणि खोटं मला जमत नाही." सासूबाई म्हणाल्या, "नको जोडूस. मोकळे ठेव. घरात कामं फार आहेत."

वाद मात्र एक होता, आणि तो दोघींनाही आवडायचा. सुनेचा नवरा, म्हणजे सासूबाईंचा एकुलता एक, आठव्या महिन्यातच जन्माला आला होता. आता तो लांब पल्ल्याच्या मालगाड्या चालवायचा आणि दारातून वाकून आत यायचा, पण तेव्हा ओंजळीत मावत होता. कुणी एक अनोळखी बाई दवाखान्यात येऊन त्याच्या डोक्यावर लोकरीचं टोपडं घालून गेली. बाळ तगलं. तेव्हापासून सासूबाई विणत होत्या.

"देवानं टोपडं दिलं," सासूबाई म्हणायच्या.

"बाईनं दिलं."

"तिला पाठवली कुणी?"

"तिची ती आली, आई. पायानं चालत. घरी बसून विणून, स्वतःची दुपार घालवून. आणि तुम्ही सगळं नाव त्याच्या खात्यावर टाकता. त्या बिचारीला काय राहिलं?"

"तिला काही नकोच होतं. म्हणून तर नाव न सांगता गेली."

वाद इथेच थांबायचा, कारण इथून पुढे दोघींनाही कधी रस्ता सापडला नव्हता.

तीन महिन्यांतून एकदा सून त्याच दवाखान्यात बाळांचे काटे तपासायला जायची. या खेपेला तिनं वजनं ठेवली, उचलली, काट्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवली आणि पेटी मिटली, तरी मोठ्या सिस्टर दारातच उभ्या.

"वहिनी, एक बोलायचं होतं. राग मानू नका."

"काटा बरोबर आहे तुमचा."

"काट्याचं नाही. आजींच्या टोपड्यांचं." सिस्टरनी कपाट उघडलं. आत घडी न मोडलेली टोपडी रचून ठेवली होती. "दोन महिन्यांपासून बोटभर कमी पडतायत. कान उघडे राहतात. या पोरांची सगळी ऊब डोक्यातून जाते हो. घालून बघितली, वर सरकतात. आता घालत नाही."

सुनेनं एक टोपडं हातात घेतलं. वीण नेहमीसारखीच होती, एकसारखी, मऊ.

"तुम्ही बोलला नाहीत त्यांना?"

"पिशवी देताना त्यांचं तोंड बघितलंय का तुम्ही? माझी जीभच उचलत नाही. पण घ्यायची आणि कपाटात कोंबायची, हेही बरं नाही. या सोमवारी अशीच आली तर सांगावं लागेल मला, की आजी, पुष्कळ केलंत, आता पुरे." सिस्टरनी कपाट लावलं. "तुम्हाला काही करता आलं तर बघा."

सून एक जुनं टोपडं आणि एक नवं टोपडं घेऊन घरी आली. सासूबाई आत आडव्या झाल्या होत्या. तिनं दोन्ही टोपडी टेबलावर दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवली आणि चिमट्याच्या टोकानं ओळी मोजल्या. जुन्यात काठाच्या वर चोवीस होत्या. नव्यात वीस. तिनं पुन्हा मोजलं. वीसच.

चार ओळी. चार ओळी म्हणजे एक कडवं.

सुई चुकली नव्हती, लोकर चुकली नव्हती. टाके जिथल्या तिथे होते. कमी झालं होतं ते आणखी आतलं काही.

दुसऱ्या दिवशी ती सोनाराचा नाजूक काटा उघडून बसली, पण कान खिडकीकडे होते. वीस वर्षं ती प्रार्थना तिच्या पाठीवर पडत आली होती, कौलावर पाऊस पडावा तशी, लक्ष न देता ऐकलेली. आज ती एकेक ओळ काट्यावर घेत होती. पहिलं कडवं झालं. दुसरं, तिसरं झालं. चौथं आलं:

वाटसराच्या वाटेला
झाड होऊन तू उभा,
थकल्या पायाला, देवा,
तुझ्या सावलीची मुभा.

आणि तिथून सासूबाई थेट शेवटच्या कडव्यात उतरल्या.

सुई तुझी, धागा तुझा,
माझं काय त्यात, देवा?
ऊब लागो ज्याची त्याला,
माझा विसर पडावा.

पाचवं नव्हतंच. पाचव्याचं यमकही देवाशीच जुळलेलं, म्हणून जीभ एका पायरीवरून दुसरीवर अलगद घसरली होती, आणि घसरल्याचं जिभेला कळलंही नव्हतं. सासूबाईंनी समाधानानं सुई वळवली आणि मुक्यानं गोल मिटवायला घेतला.

सांगायचं कसं? म्हाताऱ्या माणसाला नळ गळतो म्हणून सांगता येतं. तुम्ही गळताय, हे कसं सांगायचं? सुनेनं तो दिवस जाऊ दिला. मग तिनं तिला जमण्यासारखं केलं. दुपारी सासूबाई झोपल्या की ती पिशवीतलं टोपडं काढायची, वरचा गोल उसवायची, टाके सुईवर घ्यायची, चार ओळी वाढवायची आणि पुन्हा मिटवायची. विणायला तिला सासूबाईंनीच शिकवलं होतं, पण हात कधी बसला नव्हता. एक, दोन, तीन, असं टाके मोजत ती विणायची. तीन दुपारींत तीन टोपडी झाली.

चौथ्या दिवशी सासूबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. सोमवारसाठी घड्या करताना त्या प्रत्येक टोपड्यावरून अंगठा फिरवायच्या. अंगठा एका जागी थांबला. मागे गेला, पुन्हा पुढे आला.

"हा हात माझा नाही."

सुनेच्या हातातला पेचकस तसाच राहिला.

"हे टाके बघ. खिळे ठोकल्यासारखे. या घरात असं घट्ट कोण विणतं?" त्यांनी दुसरं टोपडं चाचपलं, तिसरं चाचपलं. "माझ्या देवाला दिलेल्यात तू हात घातलास?"

"हो."

"आणि काही न म्हणता विणलंस. मुक्यानं."

"मोजून विणलं."

"का पण?"

लोकर आटते, सुई बारीक आली असेल, दवाखान्यानं मोठी मागितलीयेत, अशी तीन उत्तरं सुनेच्या तोंडाशी आली. पण तिनं उभ्या जन्मात भाजीवालीला मुंगीएवढंही झुकतं माप दिलं नव्हतं. ती उठली, सासूबाईंच्या पायाशी बसली आणि दवाखान्यातून आणलेली दोन्ही टोपडी त्यांच्या गुडघ्यांवर ठेवली.

"आई, तुम्ही एक कडवं विसरताय. दोन महिने झाले. टोपडी बोटभर आखूड होतायत. बाळांना घालता येत नाहीत."

सासूबाईंनी दोन्ही टोपड्यांत मूठ घालून पाहिली. जुन्यात मूठ पुरी गेली, नव्यात बोटभर बाहेर राहिली. मग त्यांनी सुया लोकरीत खोचल्या, गुंडा पत्र्याच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. झाकण लागल्याचा आवाज खोलीभर झाला.

दोन दिवस डबा उघडला नाही. खिडकीतली खुर्ची होती, खुर्चीत सासूबाई होत्या, मांडीवर दोन रिकामे हात होते. भाजीवाली काटा न्यायला आली, खिडकीकडे पाहून घुटमळली आणि झुकत्या मापाची गोष्ट न काढताच निघून गेली.

"त्यानंच काढून घेतलं," सासूबाई शनिवारी आपणहून म्हणाल्या. "द्यायला लावणारा तो, पुरे म्हणणाराही तोच. माझ्या हातचं त्याला नको झालं."

"तो काही म्हणालेला नाही. तुम्ही विसरलात, आई. माणसं विसरतात."

"तुझ्या लेखी."

"माझ्या लेखी."

"माझ्या लेखी तसं नाही ना गं. तुला ते नुसतं गाणं आहे. मी त्याच्यापुढे रोज ताट वाढते आणि एक पदार्थ वाढायचाच राहतो, हे मला कळलंसुद्धा नाही. आता कुठल्या तोंडानं वाढू?"

सून टेबलाशी गेली. संध्याकाळपर्यंत ती सोनाराच्या काट्याशी झटत राहिली, पण तो काही केल्या शून्यावर ठरेना. शेवटी तिला कळलं की काटा ठीक आहे, तिचंच कोपर टेबलावर दाबून आहे.

रविवारी सकाळी तिनं डबा उघडला. सासूबाईंच्या समोर स्टूल ओढून बसली आणि काठाचे टाके घातले.

"काय करतेस?"

"टोपडं. उद्या सोमवार आहे."

"तुझ्या त्या खिळ्यांचं?"

"तुम्ही विणत नाही, मग ज्याला जसं येतं तसं होईल. पोरांना काय, ऊब आली म्हणजे झालं."

ती विणू लागली. काठ होता, म्हणून ती बोलायलाही लागली. नळाला नवा वायसर घालायचाय. गच्चीतली चादर अजून तिथेच आहे. तुमचा लेक मंगळवारी येतोय, फोन आला होता, जेवायला काय आहे हे आधी विचारलं आणि आई कशी आहे हे नंतर. सासूबाई दुसरीकडे पाहत होत्या, पण मान कलली होती. तिसऱ्या ओळीला सुनेचा एक टाका निसटला. पाचव्या ओळीला दोन.

"अगं, उलट घे तिथे! उलट! डोळे कुठे आहेत तुझे? आण इकडे." सासूबाईंनी सुया हिसकावूनच घेतल्या. निसटलेले टाके उचलले, काठ पुरा केला. आणि काठ पुरा झाला तशी सवयीनं पाठ सरळ झाली, आवाज खाली आला.

जगाच्या रे माझ्या धन्या...

सून स्टुलावरून उठली नाही. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. चौथ्यातल्या सावलीची मुभा सुईच्या टोकापर्यंत गेली आणि सुई वळली. आता सासूबाई थांबल्या. इथे काहीतरी आहे एवढं त्यांना आता ठाऊक होतं. ओठ हलले. डोळे खोलीभर फिरले, भिंतीवर, टेबलावर, काट्यांच्या रिकाम्या पारड्यांत. कुठेच काही सांडलेलं सापडलं नाही. त्यांनी सुनेकडे पाहिलं. वाटेत हात सुटलेल्या पोरीचं ते पाहणं होतं.

वीस वर्षांत सुनेनं त्याच्या नावाचा एक शब्द तोंडातून काढला नव्हता. तिनं एकदा घसा साफ केला.

"तुझं नाव जे ना घेई," ती म्हणाली.

सूर नव्हता. किराण्याची यादी वाचावी तशी म्हणाली. पण सासूबाईंची सुई पहिल्या टाक्यात शिरली. ओळ संपेपर्यंत सून तेच म्हणत राहिली, आणि दहाव्या-बाराव्या वेळेला त्यात आपोआप थोडा सूर आला.

तुझं नाव जे ना घेई,
लेकरू ते तुझं, देवा,
आधी त्याच्या डोईवर
हात उबेचा ठेवावा.

दुसऱ्या ओळीपासून सासूबाईही म्हणू लागल्या होत्या. पुढचं कडवं त्यांचं त्यांना आलं. मग मुक्यानं गोल मिटला. दोरा तोडून त्यांनी टोपड्यात मूठ घातली. मूठ पुरी गेली.

"तुला कसं गं येतं?"

"वीस वर्षं कानाशी चाललंय, आई. कान काय मिटता येतात? मला आवडायचं ते कडवं. पोरांना बोलता येत नाही, कुणाचंच नाव घेता येत नाही, तरी ती तुझीच, असं काहीतरी. कुणी रचलं असेल?"

सासूबाई हसल्या. डबा बंद झाल्यापासूनचं पहिलं हसू.

"पोरांचं नाही ते. तुझं आहे."

"माझं?"

"मला शिकवली तेव्हा प्रार्थनेला पाचच कडवी होती. तू आलीस आणि म्हणालीस, हात जोडत नाही. मला झोप येईना. हिचं कसं होणार? तुला बोलून काही उपयोग नव्हता, मग त्यालाच सांगायला लागले. चार ओळी जुळवल्या नि मध्ये घातल्या. मागाहून घातलेलं, म्हणून ते आधी निसटलं असेल."

सून टोपड्याकडे पाहत राहिली. मग तिच्यातली काटेवाली जागी झाली.

"म्हणजे मी येण्याआधी टोपडी वीसच ओळींची होती?"

"असतील बाई."

"मग कान?"

"उघडेच राहत असणार. कुणी बोललं नाही. तू आलीस त्या वर्षी तेव्हाच्या सिस्टर म्हणाल्या, आजकाल टोपडी छान कानावर येतात, नवीन काय केलंत? मी म्हटलं, घरात सून आली." सासूबाईंनी टोपड्याची घडी केली. "आता ते कान तुझ्यामुळे झाकले, माझ्यामुळे की त्याच्यामुळे, ते तू तुझ्या काट्यावर घालून बघ."

सुनेनं लोकरीचा गुंडा उगीचच सोडवला आणि पुन्हा गुंडाळला.

"आणि एक सांगू?" सासूबाई पुढे वाकून हळूच म्हणाल्या, त्याला ऐकू जाऊ नये अशा बेतानं. "शेवटी मी काय मागते रोज? माझा विसर पडावा. लोकांना पडावा, असं म्हणायचं होतं गं मला. त्यानं ऐकलं उलटंच."

दोघी इतक्या हसल्या की समोरच्या बाईंनी गच्चीतून डोकावून पाहिलं, आणि तेवढ्यात त्यांना आपली चादर दिसली.

सोमवारी पिशवीत थोडीच टोपडी होती. तीन सुनेनं वाढवलेली, दोन रविवारची. या खेपेला सूनही बरोबर गेली, वजनांची पेटी न घेता. सिस्टरनी वरचंच टोपडं काढलं आणि काचेच्या पेटीतल्या एका पोरीला घातलं. ते भुवयांशी आलं, कानांवरून उतरलं आणि तिथेच थांबलं. पोरीनं झोपेतच तोंड वाकडं केलं.

"घट्ट आहे का हो?" सासूबाईंनी विचारलं. "ते आमच्या सुनेनं विणलंय वरचं. तिचे टाके जरा निष्ठुर असतात."

"बसलंय छान," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि कपाटातली सगळी आखूड टोपडी तिच्या हातात दिली. "एवढी वाढवून आणा."

आता दुपारी पुढच्या खोलीत दोन कामं चालतात. सून टेबलाशी असते, चिमट्यात वजन, डोळे काट्यावर. खिडकीत काठ विणून होतो, बोलणं संपतं, पाठ सरळ होते. चौथ्या कडव्याच्या शेवटी सुई वळते आणि थांबते. काही दिवशी ओळ आपली आपण येते. बहुतेक दिवशी येत नाही. हल्ली तिसऱ्यातही एक जागा अडखळायला लागली आहे, आणि पुढे आणखी अडखळतील, हे सुनेला कळतं. ती मान वर न करता, वजन पारड्यात ठेवता ठेवता म्हणते, "तुझं नाव जे ना घेई."

"म्हणतेस होय?" खिडकीतून विचारणा होते.

"मोजतेय."

"मोज, मोज," सासूबाई म्हणतात, आणि सुई पुढे जाते.